रिकामी घागर

आमच्या आजीची दृष्टी काचबिंदूने हळूहळू नेली, आणि आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे ती दूरचित्रवाणी नुसती ऐकत असे. ती स्वतः मात्र 'टीव्ही पाहते' असेच म्हणे, आणि आम्हीही तिला कधी दुरुस्त केले नाही. मंठ्यातल्या आमच्या जुन्या घरात, माळवदाच्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून ती बसायची. हातात वातींचा कापूस आणि कान पडद्याकडे.

एकदा दूरदर्शनवर एक जुना ग्रामीण चित्रपट लागला होता. नायिका डोक्यावर घागर आणि कडेवर कळशी घेऊन नदीची चढण चढते, अंगणात येते, घागर ओट्यावर टेकवते आणि सासूचे चार शब्द ऐकून घेते, असा तो प्रसंग. सासूचे बोलणे सुरू व्हायच्या आतच आजी म्हणाली, "रिकामी हाये."

"काय रिकामं आहे?"

"घागर. नदीहून आली ना ती? मंग पानी कुठं सांडलं?"

आम्ही पडद्याकडे पाहिले. नायिकेची मान ओझ्याने ताठ, कपाळावर घाम, पदर भिजलेला. डोळ्यांपुरती घागर काठोकाठ भरलेली होती. तिचा बूड ओट्याला लागला तेव्हा मात्र 'ठण्ण' असा आवाज आला होता आणि तो क्षणभर घुमत राहिला होता. भरलेली घागर घुमत नाही. ती 'धप्प' बसते आणि गळ्याशी पाणी एकदा 'डुबुक' करते. धातूचा आवाज पाणी गिळून टाकते. जिने उभ्या आयुष्यात पाणी वाहिले तिला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. आम्ही हसलो, आणि पुढे कित्येक वर्षे हा किस्सा मित्रमंडळींत विनोद म्हणून सांगितला. तो विनोद नव्हता, ती समीक्षा होती, हे ध्यानात यायला साहित्याच्या माध्यमांतराचा विषय शिकवण्याची पाळी यावी लागली.

ती घागर रिकामी होती, कारण जी पडद्यावर दिसत होती ती वाजलीच नव्हती. वाजली ती दुसरीच, नंतर कधीतरी, एखाद्या बंद खोलीत.

बोलपटाच्या आरंभी असे नव्हते. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या 'आलम आरा'चे चित्रीकरण बरेचसे रात्री करावे लागले, कारण स्टुडिओच्या जवळून रेल्वे जात असे आणि दिवसा गाड्यांचा आवाज मुद्रणात शिरत असे. नट बोलला की त्याच क्षणी ते टिपले जाई. खोकला आला तर तोही. 1932 साली 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. त्या काळी 'प्रभात'चे एक संस्थापक विष्णुपंत दामले हेच ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळत. पुढे, साधारण 1960 नंतरच्या दशकांत, हलके आणि हाती धरता येण्याजोगे कॅमेरे आले, चित्रपट स्टुडिओबाहेर पडला. पण आरी टू-सीसारखा कॅमेरा चालताना स्वतःच शिवणयंत्रासारखा खडखडत असे. मग जागेवरचा आवाज हा नुसता खुणेपुरता उरला आणि सारे काही नंतर भरण्याची, म्हणजे डबिंगची, रीत पडली. नट पुन्हा येऊन आपले संवाद बोलून जातो, पण घागर पुन्हा येऊन वाजत नाही. तिच्या वतीने कोणीतरी वाजावे लागते.

हे वाजणारे लोक म्हणजे फोली कलावंत. अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचे गृहस्थ होते. 1929 च्या 'शो बोट' या चित्रपटाला आवाजाची जोड देताना पडद्याकडे पाहत पाहत तालावर पावले, टाळ्या, वस्तूंची खुडबूड वाजवण्याची त्यांची पद्धत पुढे इतकी रूढ झाली की माणसाचे नावच धंद्याचे नाव होऊन बसले. आपल्याकडच्या स्टुडिओंतही ही मंडळी असतात. समोर पडदा, पायाखाली लहान लहान चौकोनांत फरशी, माती, वाळू, खडी, लाकडी फळ्या, आणि भोवताली भंगाराच्या दुकानासारखा पसारा. त्यांच्या कामाचे ढोबळ तीन भाग मानले जातात: पावले, कपड्यांची सळसळ आणि हाताळलेल्या वस्तू. प्रत्येक पात्राची पावले निराळी. एकच माणूस नायकाची चाल चालतो, मग चप्पल बदलून खलनायकाची, आणि मग पैंजण हातात धरून नायिकेची. बर्फावरून चालण्यासाठी मक्याचे पीठ भरलेली पिशवी दाबतात, हाड मोडण्यासाठी भाजीचा देठ मोडतात, पाखराच्या पंखांसाठी चामड्याचे हातमोजे फडफडवतात. यातले काहीही खरे नसते आणि सगळे खरे वाटते.

आम्ही हा उद्योग एकदा केलेला आहे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात रझाकारांच्या काळावरची एक एकांकिका होती. पात्रतेच्या मानाने आमच्या वाट्याला पडद्याआडचे काम आले. घोड्यांच्या टापांसाठी दोन करवंट्या, गडगडाटासाठी लोंबता पत्रा आणि पावसासाठी सुपात ज्वारी. सूप तिरके करून ज्वारी एका कडेकडून दुसरीकडे सावकाश घरंगळू द्यायची, की रिपरिप सुरू. रंगीत तालमीत पाऊस झकास पडला. प्रयोगाच्या दिवशी मात्र सभागृहाच्या पत्र्याच्या छपरावर अवेळी खराच पाऊस कोसळू लागला. नाटकातही पावसाची रात्र, बाहेरही पाऊस, तेव्हा सूप खाली ठेवून आम्ही निवांत बसलो. प्रयोगानंतर परीक्षकांपैकी एक म्हणाले, "पावसाचा परिणाम जमला नाही, नुसता गोंगाट झाला." खरा पाऊस आला आणि आमचा पाऊस पडला! त्या पत्र्यावर लाखो थेंब एकदम आदळत होते, आणि रंगमंचावरच्या त्या घाबरलेल्या कुटुंबाच्या मनातला पाऊस तो नव्हता. सुपातला होता. पडद्यामागे बसून कोणीतरी त्या कुटुंबासाठी म्हणून तो हळू, जोरात, पुन्हा हळू पाडलेला असता.

तेव्हा आवाज बनावट आहे ही तक्रार आमची नव्हे. ती आजीचीही नव्हती. घागर वाजवणाऱ्याने तिच्यात चार तांबे पाणी ओतले असते, तर स्टुडिओतली ती लबाडी आजीला मुकाट्याने पटली असती. तिची तक्रार इतकीच की, वाजवणाऱ्याने घागर पाहिली होती, ऐकली नव्हती.

फोली हे निदान त्या त्या दृश्यासाठी हाताने केलेले काम असते. पण पडद्यावरचे बहुतेक आवाज असे घडवलेले नसतात, ते काढून आणलेले असतात. बंदुकीचे बार, मोटारींचे ब्रेक, वीज, दार, कुत्री, गर्दी यांचे तयार साठे असतात. त्याला लायब्ररी म्हणतात. बीबीसीने आपल्या साठ्यातले 16 हजारांहून अधिक आवाज 2018 साली खासगी आणि शैक्षणिक वापरासाठी लोकांना ऐकायला खुले केले; ज्यांना सवड असेल त्यांनी त्यात एक संध्याकाळ जरूर घालवावी. या साठ्यांची गंमत अशी की एकदा एखादा आवाज ठरला की तो कायमचा चिकटतो. 1951 च्या 'डिस्टंट ड्रम्स' या चित्रपटासाठी मुद्रित झालेली एका माणसाची किंकाळी नंतर 'स्टार वॉर्स'सकट शेकडो चित्रपटांतून वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी गेली आणि 'विल्हेम किंकाळी' या नावाने प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातला कूकाबुरा हा पक्षी हॉलिवूडच्या आफ्रिकी जंगलांत वर्षानुवर्षे हसत राहिला. ज्याने आफ्रिका पाहिली नाही त्याला कूकाबुऱ्याशिवाय जंगल खोटे वाटू लागले.

मराठी पडद्यावरच्या खेड्याचाही असाच एक कूकाबुरा आहे. खेडे दाखवायचे म्हटले की कोंबडा आरवतो, गळ्यातल्या घंटा किणकिणतात, लांबवर मोर ओरडतो आणि मग बासरी. मोर आमच्या भागात आहेत, नाहीत असे नाही. परंतु पहाटे मंठ्यात कोणी डोळे मिटून ऐकले, तर आधी वाटूर फाट्याकडून येणाऱ्या गाड्यांचे गिअर बदलणे ऐकू येते, मग मशिदीची बांग आणि देवळातली काकडआरती एकमेकींत मिसळलेल्या, दूधवाल्याच्या किटल्या, कोणाच्या तरी माळवदावर झाडू, आणि माळावर टिटवी. सुगीत मळणीयंत्राची घरघर गावावर दिवसभर अशी पसरलेली असते की ती थांबल्यावरच ऐकू येते. चित्रपटाच्या भाषेत या साऱ्याला अॅम्बियन्स म्हणतात. आम्ही वर्गात 'भोवतालचा आवाज' म्हणतो. हा थर दृश्याच्या तळाशी असतो आणि प्रेक्षकाचे त्याच्याकडे लक्ष जाऊ नये अशीच अपेक्षा असते. म्हणूनच तिथे वाटेल ते खपते.

याहून अचंबा दूरचित्रवाणी मालिकांचा. 'रामायण' (1987–88) आजीने डोळ्यांनी पाहिले होते. त्यातले आकाशात एकमेकांना भिडणारे बाण जो आवाज करीत, तो पृथ्वीतलावर कोणत्याच वस्तूचा नाही, आणि तरी तो कोणाला खटकला नाही. देवांच्या बाणांना लोहाराच्या भात्यातला आवाज का असावा? अशा आवाजांना घडवलेले किंवा रचलेले ध्वनी म्हणतात, आणि त्यांचा मान आम्ही राखतो. पण 1999–2000 नंतर खासगी मराठी वाहिन्यांवर रोजच्या कौटुंबिक मालिकांचा जो पूर आला, त्यांत हे देवांचे आवाज स्वयंपाकघरात उतरले. सून दारात उभी राहते: कडाड. सासू मान वळवते: पुन्हा कडाड, तीनदा, तीन कोनांतून. आजीला तेव्हा दिसेनासे झाले होते. पहिल्या पहिल्यांदा ती "वाळवण आत घ्या रे" म्हणून हाक मारी. पुढे तिला सवय झाली. वीज कडाडली की म्हणे, "आलं वाटतं कुनीतरी."

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे इथे एक गोष्ट हटकून मांडावीशी वाटते. आपली भाषा हीच एक आवाजांची लायब्ररी आहे, आणि ती पडद्याच्या लायब्ररीपेक्षा कितीतरी बारकाईने लावलेली आहे. पाऊस भुरभुरतो, रिमझिमतो, रिपरिपतो, टपटपतो, सडसडतो, धो धो कोसळतो. वळचणीचे पाणी ठिबकते, ओढा खळखळतो, पाणी उकळताना खदखदते आणि घशाखाली घटाघटा जाते. व्याकरणाच्या पुस्तकात 'अनुकरणवाचक शब्द' या मथळ्याखाली अर्ध्या पानात यांची बोळवण होते आणि परीक्षेला दोन गुणांचा प्रश्न येतो. परंतु हे शब्द आवाजाची नक्कल नाहीत. नक्कल असती तर सगळ्या भाषांत कोंबडा एकसारखा आरवला असता. कोणा एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कान देऊन, दोन आवाजांतला फरक आपल्या कामाचा आहे असे ठरवून, ते शब्द घडवले आहेत. रिपरिप आणि रिमझिम यांतला फरक हा थेंबांच्या संख्येचा नाही, तो पेरणी झालेल्या आणि काढणी राहिलेल्या माणसांतला आहे. पडद्यावर मात्र पाऊस एकच. तळणीचा आवाज पावसासारखा भासतो म्हणून जुन्या नभोवाणी नाट्यांत पावसाऐवजी तळणीचा आवाज वापरल्याचे सांगतात. पाऊस आणि भजी यांचा संबंध त्यांनाही ठाऊक असावा, असो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्याच घरात आहे आणि फार जुने आहे. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' 1937 सालचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला. तरुण नीरेचे लग्न फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावले जाते आणि ती ते मनाने स्वीकारायला नकार देते. संगीत केशवराव भोळे यांचे. पण त्यांनी आणि शांतारामांनी या चित्रपटातून पार्श्वसंगीत काढून टाकले. जे ऐकू येते त्याचा उगम कथेच्या जगातच असतो. गाणे असेल तर ग्रामोफोन वाजत असतो. बाकी पावले, दारे, भांडी आणि भिंतीवरचे म्हातारे घड्याळ. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती, चित्रपट म्हणजे गाणी असे समीकरण पक्के होत होते, त्या काळात हे धाडस झाले. 'कुंकू' वर्गात दाखवताना विद्यार्थी पहिली दहा मिनिटे चुळबूळ करतात. 'सर, आवाज गेलाय का?' असेही एकाने विचारले. अर्ध्या तासाने मात्र त्या घरातली प्रत्येक खुडबूड त्यांच्या अंगावर येऊ लागते. नीरेची बाजू घ्यायला एकही व्हायोलिन नसते. ती आपली आपण उभी असते, आणि म्हणूनच प्रेक्षकाला तिच्या बाजूला जाऊन उभे राहावे लागते.

'प्रभात'च्या पुण्यातल्या त्याच आवारात 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे आणि तिथे ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालतो. तिथून शिकून गेलेल्या रसूल पूकुट्टी यांना 2009 साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. 'कुंकू'चे घड्याळ ज्या आवारात वाजले तिथेच हे घडले, याची नोंद मात्र फारशी कोणी घेतली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

2012–13 चा दुष्काळ जालना जिल्ह्याला 1972 ची आठवण करून देणारा होता. 2007 पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झालेल्या होत्या आणि त्या वर्षी त्यांचे कॅमेरे आमच्या भागात येऊन गेले. आले ते चांगलेच झाले. एका संध्याकाळी बातम्यांत एक कोरडी विहीर दिसली, कडेने बायकांची रांग, हंडे, दोराने खाली सोडलेला पोहरा. विहीर आमच्या गावची नव्हती, पण असू शकली असती. चित्राखाली सारंगी वाजत होती. संथ, खर्जातली, लांबच लांब. निवेदकाचा आवाज थांबला की ती वर येई.

आजी कोपऱ्यात बसली होती. तिने हातातली वात खाली ठेवली आणि विचारले, "कोन मेलं?"

"कोणी नाही, आजी. विहीर दाखवतायत. पाणी आटलंय त्याची बातमी आहे."

"मंग रडायलंय कोन?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. रडत कोणीच नव्हते. पडद्यावरच्या दोन बायका तर काही तरी बोलून हसत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्या बायका बोलतात, भांडतात, एकमेकींच्या सुनांची चौकशी करतात, नंबर मोडणाऱ्या बाईचा उद्धार करतात. पोहरा खडकाला लागला की 'खण्ण' होते आणि सगळ्या एकदम गप्प होतात. पुन्हा बोलू लागतात. ती 'खण्ण' म्हणजे ती बातमी होती. तीच काढून टाकली होती. आजी 1972 साली दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. त्या वर्षाचे काही विचारले तर ती भुकेचे फारसे बोलत नसे, हातोड्यांचे बोले. शेकडो माणसे माळावर एकाच वेळी दगड फोडतात तेव्हा पाऊस पडल्यासारखे वाटते, असे तिने एकदा सांगितले होते. अशा बाईला सारंगी ऐकवून आम्ही दुष्काळ कळवत होतो.

त्या वाहिनीवर संकलनाला बसलेल्या माणसाला दोष द्यावा असे आम्हाला तेव्हा वाटले, आता वाटत नाही. तोही तरुण असेल, त्यालाही हे दृश्य पाहून वाईट वाटले असेल, आणि रात्रीच्या बातमीपत्राला वीस मिनिटे उरली असतील. त्याने हाताशी असलेली करुणा लावली. लायब्ररीतली. एका बाजूला कूकाबुरा, एका बाजूला सारंगी.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो आमच्याच एका विद्यार्थिनीने काढला. 'पथेर पांचाली'त (1955) दुर्गा गेल्यानंतर हरिहर घरी परततो, आणलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो, आणि ती कोसळते. तिचे तोंड उघडते. पण तिचा आक्रोश ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाईचा चढा सूर फुटतो. सत्यजित राय यांनी एका आईचे रडणे पुसून वाद्य ठेवले तर ती कला, आणि वाहिनीने तेच केले तर खोटेपणा, हा कुठला न्याय, असे तिने विचारले. प्रश्न चोख होता. त्या तासाला आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो. राय यांच्या चित्रपटात त्या क्षणापर्यंत आपण सर्वजयेचा आवाज कितीतरी वेळ ऐकलेला असतो: तिचे चिडणे, पुटपुटणे, म्हाताऱ्या इंदिरेला टाकून बोलणे, तिच्या घरातली भांडी, दार, त्या वादळी रात्री दार ढकलणारा वारा. तो आवाज आपल्या कानात इतका भरलेला असतो की वाद्याच्या सुरामागे तो आपल्याला ऐकू येतो. सूर त्या रडण्यावर पांघरूण घालतो, पण खाली कोण आहे हे आपल्याला माहीत असते. विहिरीवरच्या बायकांचा एक शब्दही आपण ऐकलेला नसतो. तिथे पांघरुणाखाली कोणीच नाही.

आनंदवर्धनाने 9व्या शतकात काव्यातल्या सूचित अर्थाला 'ध्वनी' म्हटले आणि त्याच्या एका प्रकाराला अनुरणनाची उपमा दिली. घंटेचा टोल पडून गेल्यावर मागे जे घुमत राहते, ते अनुरणन. मूळ टोलच पडला नसेल तर घुमणार काय? साहित्यशास्त्राच्या तासाला हा मुद्दा समजावताना आम्ही आजकाल तारशहनाईचे आणि सारंगीचे उदाहरण देतो. विद्यार्थ्यांना कळते असे वाटते.

गेल्या काही वर्षांत मराठी चित्रपटाच्या कानात फरक पडला आहे, हे मान्य केले पाहिजे. हिंदीत 2001 च्या 'लगान'ने जागेवरच ध्वनिमुद्रण करण्याची जुनी रीत पुन्हा प्रतिष्ठेला आणली. राष्ट्रीय पुरस्कारांतही काही वर्षे जागेवरचे मुद्रण, ध्वनिआरेखन आणि अंतिम मिश्रण यांचा वेगवेगळा गौरव होत असे. 2014 च्या चित्रपटांसाठी जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार महावीर सब्बनवाल यांना मिळाला तो भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'साठी, म्हणजे मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या एका धनगर कुटुंबाच्या चित्रपटासाठी. मेंढरांचा कळप साठ्यातून आणता येतो. पण त्या विशिष्ट माळावर, त्या वाऱ्यात, त्या माणसाची हाक कळपावर पडून कळप कसा वळतो, ते आणता येत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (2013) जब्याचे कुटुंब डुकरामागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. शाळा तिथे दिसत नसली तरी तिचा आवाज पुरतो; तो आवाज त्या कुटुंबाला थांबवू शकतो, आत घेऊ शकत नाही. आणि 'सैराट'चा (2016) शेवट तर आवाज काढून घेतल्यावर काय उरते याचाच आहे. तान्हे पोर रक्तात पाय बुडवून चालत जाते, आणि कुठलेही वाद्य त्या वेळी आपल्या मदतीला येत नाही. मंठ्यातल्या एका मुलाने तो चित्रपट पाहून येताच सांगितले होते की शेवटी चित्रगृहातल्या पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. त्याला बहुधा तक्रार करायची होती.

चित्रीकरणाच्या जागी काम आटोपल्यावर ध्वनिमुद्रक सगळ्यांना अर्धा-एक मिनिट निश्चल उभे करतात आणि त्या जागेची नुसती शांतता टिपून घेतात. रूम टोन म्हणतात तिला. दोन संवादांच्या सांध्यात ती भरावी लागते, कारण एका खोलीची शांतता दुसऱ्या खोलीला चालत नाही. हे आम्ही वाचले आणि फार आवडले.

म्हणून त्याच दुष्काळात, 2013 च्या उन्हाळ्यात, आम्ही मोबाइल घेऊन गल्लीच्या टोकाला असलेल्या हापशापाशी गेलो. दुपारची वेळ, ऊन रणरणते, रांगेत रिकाम्या कळशा ठेवून बायका सावलीला बसलेल्या. एक पोरगी दांड्याला लोंबकळून हापसत होती. दांड्याची कुरकुर, आत खोलवर लोखंडाचा ठोका, पुन्हा कुरकुर. मागे कोणी कोणाला तरी हाक मारली. आम्ही ते टिपले आणि घरी येऊन आजीच्या कानाशी मोबाइल धरला.

पहिल्या दोन हापशांतच ती म्हणाली, "आपलाच हाये. त्याचा दांडा सैल हाये कवाचा." मग ती बोटांवर मोजू लागली. चांगल्या वर्षी आमच्या त्या हापशाला सातव्या-आठव्या दांड्याला पाणी लागे, हे तिला पाठ होते. दहा झाले, पंधरा झाले. तिची बोटे संपली, तिने पुन्हा पहिल्यापासून धरली. विसाव्या की एकविसाव्या ठोक्यावर मुद्रण संपले; हात भाजायला लागला म्हणून आम्ही तिथे मोबाइल बंद केला होता.

आजी थोडा वेळ तशीच कान देऊन राहिली.

"पुढचं लाव की. लागलं का पानी?"

पुढचे भरून घेतलेच नाही, असे आम्ही तिला सांगितले.